उकळा, मुरवा की भिजवा: दुधाच्या चहापासून काढ्यापर्यंत

घरी चहा बिघडला की दोष पुडीवर जातो. बहुतेक वेळा पूड बरी असते, रीत चुकलेली असते. आपल्याकडे चहा करणं म्हणजे आधण ठेवायचं, पूड टाकायची, दूध ओतायचं आणि वर येईपर्यंत उकळायचं. दाणेदार चहाला ही रीत चपखल बसते. पण कुणी दार्जिलिंगहून पानांचा चहा आणून देतं, वजन कमी करायचं म्हणून घरात ग्रीन टी येतो, मुलगी परदेशातून येताना वाळलेल्या लाल फुलांची पुडी आणते, आणि या सगळ्यांना आपण तेच आधण दाखवतो. मग ‘कडू आहे’, ‘नुसतं औषध आहे’ असे शेरे मारून पुडी फडताळात मागे ढकलली जाते.

म्हणून आधी रीत ठरवायची, मग प्रमाण.

तीन रीती

वनस्पतीचा गुण पाण्यात उतरवण्याच्या तीन वाटा शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट सांगितल्या आहेत. क्वाथ, म्हणजे आपला काढा: एक भाग औषधाला सोळा भाग पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. फांट: चौपट कढत पाणी ओतून, थोडा वेळ तसंच ठेवून गाळायचं. हिम: सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळायचं. ही प्रमाणं औषधाची आहेत, रोजच्या कपाला फार दाट होतील. पण विभागणी मात्र आजही जशीच्या तशी उपयोगी पडते.

मुळी, साल, सुंठ, दालचिनी, कडक बिया अशा टणक गोष्टी उकळाव्या लागतात, नाहीतर त्यांच्यातलं काही बाहेरच येत नाही. पानं आणि फुलं कढत पाण्यात झाकून मुरवावीत. त्यांचा वास तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं. स्वयंपाकघरात सुगंध दरवळला की आपण खूश होतो, पण जो वास नाकाला आला तो कपातून गेला. ज्याचा थंडावा हवा आहे किंवा तुरटपणा टाळायचा आहे ते थंड पाण्यात भिजवावं.

या नियमाला ठळक अपवाद म्हणजे आपला रोजचा चहा. तो पान असूनही उकळला जातो. त्याचं कारण तो कसा बनतो यात आहे.

झाड एक, चहा अनेक

काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग हे सगळे एकाच झाडाचे, कॅमेलिया सायनेन्सिसचे. त्याचे दोन मुख्य प्रकार: बारीक पानाचा चिनी आणि मोठ्या पानाचा आसामी. फरक पडतो तो पान खुडल्यावर त्याचं काय करतात यामुळे. पान चुरगळलं की त्यातला रस हवेला लागतो आणि कापलेल्या सफरचंदासारखा तपकिरी होत जातो. ही क्रिया पूर्ण होऊ दिली की काळा चहा, अर्ध्यावर थांबवली की ऊलाँग. खुडल्यावर लगेच उष्णता देऊन ती सुरूच होऊ दिली नाही की हिरवा. जपानात त्यासाठी पानं वाफवतात, चीनमध्ये बहुधा कढईत परततात. पांढऱ्या चहात कोवळे कोंब नुसते सुकवतात. चीनच्या युन्नान प्रांतातला पु-अर चहा वर्षानुवर्षं मुरवत ठेवतात. त्याला मातीचा वास असतो आणि तो सगळ्यांना रुचेल असं नाही.

आपल्या डब्यातला दाणेदार चहा म्हणजे सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल). १९३०च्या दशकात आसाममध्ये हे यंत्र आलं. दाते असलेले दोन रोलर वेगवेगळ्या गतीने फिरतात, त्यांच्यात पान चिरडलं, फाटलं आणि गोळीसारखं वळलं जातं. पानाच्या पेशी इतक्या फुटतात की रंग आणि कडकपणा पाण्यात झटकन उतरतो. हा चहा कोरा प्यायला तर जिभेला खरखर लागते, पण दुधातली प्रथिनं त्यातलं तुरट द्रव्य बांधून घेतात. म्हणून दूध, साखर आणि उकळी हे तिन्ही त्याला मानवतं. भारतात होणारा बहुतांश चहा याच जातीचा.

पाकिटावर बीओपी, पीडी, डस्ट अशी अक्षरं असतात. ती दाण्याचा आकार सांगतात, दर्जा नव्हे. डस्ट म्हणजे कचरा, हा गैरसमज सोडून द्या. डस्ट बारीक असल्याने लवकर आणि गडद उतरतो, दाणा जरा हळू पण वासाला बरा. दोन भाग दाणा आणि एक भाग डस्ट असं मिश्रण करून पाहा. रंग आणि वास दोन्ही मिळतात.

रोजचा दुधाचा चहा

दोन भरपूर कपांसाठी पाणी २२० मिली, दूध १२० मिली, चहापूड दोन सपाट चमचे (साधारण ५ ग्रॅम), साखर दोन-तीन चमचे, आलं अर्धा इंच. दूध म्हशीचं असेल तर १०० मिली पुरे.

१. पाणी गार असतानाच त्यात आलं आणि साखर घाला. आलं किसण्यापेक्षा खलबत्त्यात ठेचलेलं बरं, किसलेलं गाळणीत अडकतं. पाण्याला उकळी आली की दोन मिनिटं तशीच चालू द्या. हा टप्पा चुकवू नका. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं आणि त्यामुळे दूध फाटू शकतं. उकळीत ते निकामी होतं. आल्याचा चहा नासतो तो बहुतेक वेळा दूध घातल्यावर कच्चं आलं टाकल्यामुळे.

२. गवती चहा घालायचा असेल तर पात कात्रीने कापून याच वेळी टाका. दोन लांब पाती पुष्कळ झाल्या.

३. चहापूड टाका आणि मध्यम आचेवर दीड ते दोन मिनिटं उकळा. पाण्याचा रंग गडद विटकरी व्हायला हवा. इथे पाच-सात मिनिटं उकळणारी घरं आहेत. त्याने चहा कडक होत नाही, कडू होतो. कडक हवा असेल तर पूड वाढवा, वेळ नको.

४. दूध वेगळं गरम केलेलं घाला. फ्रीजमधलं गार दूध ओतलं की उकळी बसते आणि ती परत येईपर्यंत पूड नुसती भिजत राहते.

५. चहा वर आला की आच कमी, खाली बसला की पुन्हा मोठी. असं दोनदा. मग ठेचलेला वेलदोडा टाकून गॅस बंद करा, मिनिटभर झाकून ठेवा, गाळा.

दूध आणि पूड एकदमच पातेल्यात घालून चहा ‘टाकणारे’ बरेच आहेत. त्यात वाईट काही नाही, पण पूड दुधात पाण्याइतकी खुलत नाही, म्हणून ती जास्त लागते. शेवटी हिशेब पैशाचाही आहे.

घरचा चहा मसाला हवा असेल तर सुंठ चार भाग, वेलदोडे तीन, दालचिनी एक, काळी मिरी एक, लवंग अर्धा असं कुटून, वरून थोडं जायफळ किसून घाला. दोन कपांना चिमूटभर. यापेक्षा जास्त घातलात तर तो मसाल्याचा काढा झाला. चहाच्या प्रचारकांना हा मसाला कधी आवडला नव्हता, ही यातली गंमत. १९०३ साली चहावर उपकर बसवून देशात चहाचा प्रसार सुरू झाला, गावोगावी फुकट कप वाटले गेले, पण मसाला आणि भरपूर दूध घालून पूड कमी वापरणाऱ्या विक्रेत्यांबद्दल चहा कंपन्यांची तक्रार असे. विक्रेत्यांनी ती मनावर घेतली नाही, हे आपलं नशीब.

गुळाचा, अमृततुल्य, इराणी आणि कोरा

गुळाचा चहा फाटतो ही सार्वत्रिक रड आहे. गुळात थोडी आम्लता आणि क्षार असतात; उकळत्या दुधात ते पडले की दूध फुटतं. उपाय सोपा. चहा नेहमीसारखा, पण बिनसाखरेचा करा. गॅस बंद करा. एक मिनिट थांबा. मग बारीक चिरलेला गूळ घालून ढवळा आणि पुन्हा विस्तवावर ठेवू नका. आणखी खात्री हवी असेल तर कोरा चहा गुळासकट गाळून कपात घ्या आणि वरून गरम दूध ओता. गूळ चांगला घ्या; कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या नावाने काहीही विकलं जातं, तेव्हा चव घेऊनच घ्या. खारट लागला तर तो चहाला नको.

पुण्यातल्या अमृततुल्यांची परंपरा राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी रुजवली. पितळी पातेलं, ताजं कुटलेलं आलं-वेलदोडा, फडक्यातून गाळणं, आणि मुख्य म्हणजे दूध भरपूर. घरी तसा हवा असेल तर दूध आणि पाणी समसमान घ्या, साखर वाढवा, आणि पूड टाकल्यावर चहा पळीने उंचावरून खालीवर करा. साय धरत नाही आणि चव एकजीव होते.

हैदराबादी इराणी चहाचं तंत्र वेगळं. तिथे कोरा चहा झाकण ठेवून मंद आचेवर दमावर ठेवतात, दूध दुसऱ्या पातेल्यात आटवतात आणि दोन्हींची गाठ कपातच पडते. घरी अर्धा लिटर दूध तीनशे मिलीपर्यंत आटवून पाहा. दोन चमचे मिल्क पावडर घालून काम लवकर होतं. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडलं तरी चालेल.

कोकणात आणि मराठवाड्यात शेतावर दूध नसलं की गुळाचा कोरा चहा होतो. त्यात पूड निम्मी घाला आणि जेमतेम एक उकळी द्या. लिंबू पिळायचं असेल तर कपात, पातेल्यात नाही.

पानांचा चहा

इथे हात आवरावा लागतो. दार्जिलिंग, निलगिरी, कांगडा, आसामचा ऑर्थोडॉक्स (म्हणजे सीटीसी यंत्रात न चिरडता पान वळून केलेला), कुठलाही लांब पानाचा चहा उकळू नका. २०० मिली पाण्याला अडीच ग्रॅम पान घ्या. पान मोठं आणि हलकं असलं की चमच्याचा अंदाज फसतो, त्यामुळे स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा पहिल्या काही दिवसांत फार उपयोगी पडतो.

पाण्याचं तापमान हा खरा मुद्दा. थर्मामीटर नसेल तर मिसळण्याचा हिशेब करा. खळखळतं पाणी तीन वाट्या आणि साधं पिण्याचं पाणी एक वाटी मिसळलं की साधारण ८० अंश सेल्सिअस होतं. दोनास एक घेतलं तर ७५च्या आसपास. हे मिश्रण पानांवर ओतायचं. आधी पानांवर उकळतं आणि मग गार पाणी टाकलंत तर पोळायचं ते पान पोळून झालेलं असतं.

हिरव्या चहाला ७५ ते ८०, दोन मिनिटं. पांढऱ्याला ८० ते ८५, चार-पाच मिनिटं. दार्जिलिंगच्या फर्स्ट फ्लशला, म्हणजे मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीला, ९०च्या जवळ आणि तीन मिनिटं. मे-जूनचा सेकंड फ्लश जरा दणकट असतो, त्याला ९५ चालतं. काळ्या आसामला उकळी नुकतीच थांबलेलं पाणी, चार मिनिटं; यात चमचाभर दूध घातलं तर शोभतं. दार्जिलिंगमध्ये दूध घालणं मात्र पैसे वाया घालवणं आहे. २००४ मध्ये देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन ज्या सुगंधाला मिळालं, तोच दुधाखाली गुदमरतो.

वेळ झाला की पानं पाण्यातून काढाच. कपात पान ठेवून गप्पा मारत बसलात तर दुसऱ्या घोटापर्यंत चहा कडवट झालेला असतो. चांगला ऊलाँग आणि हिरवा चहा दोन-तीन वेळा मुरवता येतो. दर वेळी अर्धा मिनिट वाढवायचा.

डोंगरावर राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. महाबळेश्वरला पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, लेहला ८८च्या जवळ. तिथे हिरवा चहा सहज जमतो, पण काळ्याला एखादा मिनिट जास्त द्यावा लागतो.

बोअरचं जड पाणी असेल तर कोऱ्या चहावर तेलकट तवंग येतो. तो पाण्यातल्या चुन्याचा आणि चहातल्या द्रव्यांचा. भेसळ समजून घाबरू नका. गाळलेलं मऊ पाणी वापरा किंवा लिंबाचे दोन थेंब टाका, तवंग जातो.

उन्हाळ्यात हाच पानांचा चहा हिम रीतीने करा. लिटरभर गार पाण्यात दहा ग्रॅम पान, फ्रीजमध्ये सहा ते आठ तास. थंड पाण्यात कडवट आणि तुरट द्रव्यं कमी उतरतात, म्हणून साखर न घालताही तो गोडसर लागतो. ग्रीन टी कडू लागतो म्हणणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

इतर ठिकाणी कसा पितात

काश्मीरचा कहवा म्हणजे हिरव्या चहात वेलदोडा, दालचिनी, केशर आणि वरून बदामाचे काप. घरी करताना दालचिनी-वेलदोडा आधी पाच मिनिटं उकळा, गॅस बंद करून चहाची पानं टाका, दोन मिनिटांनी गाळा. त्याच काश्मीरचा नून चहा गुलाबी आणि खारट. हिरवी पानं चिमूटभर सोड्याबरोबर खूप वेळ उकळतात, गार पाण्याचा झटका देतात, पळीने फेटतात, मग दूध आणि मीठ. रंग सोड्यामुळे येतो. पहिल्या प्रयत्नात तो करडा होण्याची शक्यता जास्त. धीर आणि फेटणं दोन्ही कमी पडलेलं असतं.

लडाखात लोणी आणि मीठ घालून लाकडी घुसळणीत घुसळलेला गुरगुर चहा मिळतो. त्याला चहा समजून तोंडाला लावलात तर धक्का बसेल, पातळ सूप समजून प्या. मलबारात बिर्याणीनंतर सुलेमानी येते: हलका कोरा चहा, लवंग-वेलदोडा, लिंबू, साखर. जड जेवणावर याच्यासारखं दुसरं नाही, आणि करायलाही सोपा. आसामात, जिथे एवढा चहा पिकतो, तिथे घरोघरी बिनदुधाचा ‘लाल साह’ पितात. मोरोक्कोत हिरव्या चहात मूठभर पुदिना आणि भरपूर साखर घालून तो उंचावरून ओततात.

पानं, फुलं आणि बोंडं

गवती चहा आपल्या अंगणातला. दुधाच्या चहात तो घालतोच, पण नुसताही सुंदर लागतो. चार-पाच पाती बारीक कापा, जाड बुडखा असेल तर ठेचा, ३०० मिली कढत पाणी ओता, आठ मिनिटं झाकण. मध घालायचा तर पेय कोमट झाल्यावर. लावायला अगदी सोपा: मुळासकट एक फुटवा कुंडीत खोचला की वर्षभरात झुडपाएवढा होतो. पात्याची कड धारदार असते, हाताने ओढू नका.

तुळशीची आठ-दहा पानं, पुदिन्याच्या दोन डहाळ्या किंवा पानओव्याची दोन पानं, यांपैकी काहीही २०० मिली पाण्याला, पाच-सहा मिनिटं. तिन्ही एकत्र करू नका, एकमेकांना खातात. वाळलेल्या पानांचं माप ताज्याच्या तिसऱ्या हिस्स्याइतकं. वाळवायची तर सावलीत. उन्हात रंग आणि वास दोन्ही जातात.

परदेशातून येणारी ती लाल फुलांची पुडी, जिच्यावर ‘हिबिस्कस’ लिहिलेलं असतं, ती देवाला वाहायच्या जास्वंदीची बहुधा नसते. ती असते अंबाडीच्या एका भावंडाची बोंडं, म्हणजे फुलाखालचा मांसल लाल भाग. विदर्भात त्याची चटणी आणि सरबत करतात. इजिप्त-सुदानमध्ये याच बोंडांचं करकदे पितात, मेक्सिकोत हामायका, पश्चिम आफ्रिकेत बिसाप. गाव बदललं तरी कृती जवळपास तीच. दोन चमचे वाळलेली बोंडं, ३०० मिली कढत पाणी, सात मिनिटं, साखर. किंवा गार पाण्यात रात्रभर; माझ्या मते ही रीत सरस. आंबट आहे, म्हणून ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नका. स्टील किंवा काच घ्या. बरोबर लवंग आणि संत्र्याची साल घातली तर पाहुण्यांसमोर ठेवण्याजोगं पेय होतं.

गोकर्णीच्या निळ्या चहाचं सध्या फार कौतुक आहे. आठ-दहा फुलं कढत पाण्यात टाकली की गडद निळा रंग, लिंबू पिळलं की जांभळा. मुलं खूश होतात. चव म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे गवती चहा किंवा आलं सोबत हवंच. बाजारातलं कॅमोमाईल रात्री पिण्यासाठी बरं: एक मोठा चमचा फुलं, सहा मिनिटं, झाकण ठेवून. दक्षिण आफ्रिकेतला रुईबोस मात्र पान असूनही बिनधास्त उकळता येतो, त्यात कॅफीन नाही आणि दूधही चालतं. रात्री दुधाचा चहा सोडवत नाही अशांसाठी तो सगळ्यात जवळचा पर्याय. ‘हर्बल’ म्हणजे बिनकॅफीन असं समीकरण मात्र धरू नका. दक्षिण अमेरिकेतल्या येरबा मातेत कॅफीन चांगलं असतं.

भिजवण्याच्या रीतीत आपली घरं आधीपासून पारंगत आहेत. माठात टाकलेली वाळ्याची जुडी हे हिमाचंच उदाहरण. जुडी दर दोन-तीन दिवसांनी उन्हात वाळवून परत टाकावी, नाहीतर कुबट वास येतो. एक चमचा धने रात्री ग्लासभर पाण्यात भिजवून सकाळी गाळून खडीसाखर घातली की उन्हाळ्यातलं पेय तयार. धने जरा ठेचले तर अधिक उतरतात. हे पाणी त्याच दिवशी संपवा.

काढा

टणक माल, म्हणून उकळणं. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने जो आयुष क्वाथ सुचवला त्याचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक. भरड पूड ३ ग्रॅम, पाणी १५० मिली. घरी मी दालचिनी, सुंठ, मिरी आधी सात-आठ मिनिटं मंद उकळते आणि तुळस गॅस बंद केल्यावर टाकते. पान शेवटी, हा वरचाच नियम. पाणी उकळताना आटतं, म्हणून दोनशेपासून सुरुवात केलेली बरी.

गोवा आणि कारवारकडच्या सारस्वत घरांत कषाय होतं. धने मुख्य, जिरं, बडीशेप, थोडी मेथी, मिरी आणि सुंठ, हे भाजून भरड कुटून डब्यात ठेवतात. चमचाभर पूड पाण्यात उकळायची, गूळ आणि दूध घालून गाळायची. दूध घातल्यावर फार उकळू नका, गुळामुळे फाटेल. संध्याकाळी चहाऐवजी पिण्याजोगं हे पेय आहे, आणि आजारी नसतानाही छान लागतं. आपल्याकडच्या बहुतेक काढ्यांबद्दल असं म्हणता येत नाही.

कुठे जपायचं

जेवणाबरोबर चहा घेतला की डाळी-भाज्यांमधलं लोह अंगी कमी लागतं. रक्त कमी असेल तर जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा. कॅफीनची मर्यादा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गरोदर स्त्रियांना २०० मिलिग्रॅम सांगितली आहे. चहाच्या एका कपात साधारण तीस ते पन्नास मिलिग्रॅम येतं.

ज्येष्ठमध गोड लागतो म्हणून रोज पिऊ नका. तो जास्त झाला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. ‘स्लिमिंग टी’च्या पाकिटावर सोनामुखी किंवा सेन्ना दिसलं तर ते जुलाबाचं औषध आहे, चरबीचं नाही. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तर आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख चुकल्याचा मुद्दा मांडला. आपल्यासाठी दोन्हींचा अर्थ एकच: स्वतः तोडलेली वेल रोज उकळून पिऊ नका. गरोदरपणात, किंवा रक्त पातळ करणाऱ्या, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर कुठलंही पेय रोजचं करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि एक वर्षाखालच्या बाळाला काढ्यातूनही मध नको.

खरेदी, डबा आणि चाखणं

भेसळीची शंका आली तर गाळणकागदावर थोडी कोरडी पूड पसरा आणि पाणी शिंपडून कागद ओला करा. पूड काढून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. वरून रंग दिलेला असेल तर कागदावर लगेच डाग पडतात, शुद्ध चहाचा डाग राहत नाही. लोखंडाच्या कणांसाठी पुडीवरून चुंबक फिरवा.

चहा आजूबाजूचा वास झटकन ओढतो. हिंगाच्या आणि मसाल्याच्या डब्याशेजारी त्याला ठेवू नका. काचेची बरणी दिसते छान, पण उजेड लागतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बरा. पावसाळ्यात मोठ्या पाकिटातून आठवड्यापुरता चहा छोट्या डब्यात काढा, म्हणजे मोठं पाकीट सारखं उघडावं लागत नाही. हिरवा चहा सहा-आठ महिन्यांत संपवा. चोथा गुलाबाला घालायचा असेल तर दूध-साखर आधी धुऊन टाका, नाहीतर कुंडीत मुंग्या.

नवीन पानांचा चहा घेताना ५० ग्रॅमच्या वर जाऊ नका. दोन-तीन नमुने आणून एकाच वेळी करून पाहा. चहाचे पारखी वापरतात ते प्रमाण घ्या: २ ग्रॅम चहा, १०० मिली उकळतं पाणी, सहा मिनिटं. हा कप पिण्यासाठी फार कडक असतो, पण चहातले दोष त्यात लपत नाहीत. सगळे कप पांढरे घ्या, म्हणजे रंग कळतो. ओल्या पानांचा वास आधी घ्या, मग चमच्याने चहा घेऊन जोरात फुरका मारा. हवा आत गेली की वास टाळूमागून नाकात चढतो. पारखीही असाच मोठ्याने फुरका मारतात, तेव्हा घरच्यांनी डोळे वटारले तरी संकोच करू नका.